सुजितचं अंथरूण

सुजितला आमच्या घरात कुणी नुसतं उचलत नसे, अंथरुणासकट उचलत असे. डोक्याकडची दोन टोकं आईनं धरायची, पायांकडची मी. एकमेकींकडे बघायचं, आई मान हलवायची, आणि काठोकाठ भरलेली परात उचलावी तसं त्याला खाटेवरून उचलून न्हाणीत, न्हाणीतून दाराशी कोवळ्या उन्हात, उन्हातून परत खाटेवर. बगलेत हात घालून त्याला कुणी उचललं ते एकदाच, तो अगदी तान्हा असताना, आणि तेवढ्यानं त्याचं खांद्याजवळचं हाड मोडलं. उचलणारी माझी सिन्नरची मावशी होती, आईची थोरली बहीण. भाच्याला पहिल्यांदा बघायला आलेली बाई जसं उचलते तसंच तिनं उचललं होतं. तिला कुणी काही बोललं नाही. पण ती गोष्ट ती मरेपर्यंत विसरली नाही, आणि त्यानंतर आमच्याकडे येताना दर वेळी त्याच्यासाठी काहीतरी मऊ घेऊन आली.

सुजित माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे फारच धाकटा, मी नववीत असताना झालेला. मधे आईची दोन बाळं पोटातच गेली होती, त्यामुळे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आशाच सोडली होती. मुलगा झाला म्हणून त्यांनी आपल्या अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. पेढ्यांचे रिकामे खोके अजून ओट्यावर होते तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरच्या लक्षात आलं की बाळ एक पाय हलवत नाही. मांडीचं हाड जन्मतानाच मोडलेलं निघालं. मग नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या वर करून बघितल्या. सुजितच्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता, निळसर होता. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, काय सुरेख डोळे आहेत हो याचे. डॉक्टरांनी सांगितलं की तीच या आजाराची खूण. हाडं मुळातच ठिसूळ, खडूसारखी. औषध नाही, जपा. आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव अण्णांनी पाठ केलं होतं आणि कुणी विचारलं की एका दमात म्हणून दाखवायचे. निदान ते नाव तरी आपल्या ताब्यात आहे असं त्यांना वाटत असावं. आज त्यावर इंजेक्शनं निघाली आहेत म्हणतात. मी चौकशी केलेली नाही.

आम्ही एकलहऱ्याला थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, कॉलनीत राहायचो, तळमजल्यावर. अण्णा बॉयलरच्या भागात होते. त्या घराला शांतता अशी नव्हतीच. कोळशाच्या मालगाडीच्या वाघिणी एकमेकींवर आपटल्या की भांड्यांची मांडणी बारीक थरथरायची, आणि मधूनच वाफ सोडली की आभाळ फाटल्यासारखा आवाज व्हायचा. आम्हाला त्याची सवय होती, आम्ही नुसतं बोलायचं थांबायचो आणि आवाज संपला की वाक्य पुरं करायचो. सुजित मात्र लहानपणी प्रत्येक वेळी दचकायचा, आणि दचकणं त्याला परवडणारं नव्हतं. आई असेल तिथून धावत येऊन त्याच्या छातीवर तळहात ठेवायची. दाबायची नाही, नुसता ठेवायची. थोडं कळायला लागल्यावर तो स्वतःच म्हणायला लागला, "अण्णांनी वाफ सोडली." साऱ्या थर्मलची वाफ अण्णाच सोडतात असं त्याला वाटायचं, आणि अण्णांनी त्याचा हा समज कधी मोडला नाही.

तो आमच्या घरात जेमतेम आठ वर्षं होता. त्या वर्षांचं मला आठवतं ते बहुतेक अंथरुणाबद्दलच आहे. इतर घरांत मुलगा मोठा होतो तसे कपडे, चपला, सायकल यांची खरेदी होते. आमच्याकडे अंथरूण बदलत गेलं. सुरुवातीला गोधडी होती, आईच्या जुन्या सुती लुगड्यांची. धुऊन धुऊन मऊ झालेली, पण टाक्यांच्या गाठी सुजितच्या पाठीवर उमटायच्या. आईनं एकेक गाठ बोटानं चाचपून सगळी गोधडी उसवली आणि गाठ न मारता पुन्हा शिवली. मग कापसाची गादी करून घेतली, तर वर्षभरात कापूस आवळून त्याचे गोळे झाले. आमच्या-तुमच्या पाठीला असा गोळा बोचतो. त्याची बरगडी मोडायला तो पुरेसा होता. नंतर अण्णांनी हौसेनं फोमची गादी आणली. तिच्यात तो मधोमध रुतायचा, उन्हाळ्यात पाठ घामोळ्यांनी भरायची, आणि एकदा कुशीवर वळताना अंगाखाली अडकलेलं मनगट चिरलं. फोम माळ्यावर गेला.

त्यानंतर मावशीनं सावरीचा कापूस आणला. सिन्नरकडे तिच्या शेताच्या बांधावर सावरीची दोन झाडं होती. उन्हाळ्यात बोंडं फुटायला लागली की ती पोत्यात भरून जीपमध्ये मांडीवर घेऊन यायची. "लय मऊ हाय गं हे," ती आईला म्हणाली, "हातात धरलं तर हातात हाय का नाय तेच कळत नाय." सरकी काढायला आम्ही तिघी दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून बसलो. घामाच्या धारा, आणि तो कापूस इतका हलका की नुसत्या बोलण्यानं उडायचा. केसांत, भुवयांवर, नाकात. अण्णा पहिली पाळी संपवून घरी आले तर समोर तीन म्हाताऱ्या. ते दारातच थांबले. सुजित खाटेवरून बघत होता, तो हसत सुटला. त्याला जोरात हसायची मनाई होती, बरगड्यांसाठी. त्या दिवशी आम्ही कुणीच त्याला थांबवलं नाही. आमच्या घरातलं हसण्याचं आठवायचं म्हटलं की मला तेवढी दुपार आठवते.

सावरीच्या गादीवर आई खूश होती. खाली कापसाची पातळ गादी, तिच्यावर सावरीची, वर गोधडी, आणि सगळ्यात वर अण्णांच्या जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा. दर आठवड्याला ती सगळा थर उन्हात टाकायची आणि हातानं सावरी सारखी करायची. पुढेपुढे मावशी दर वर्षी आणखी सावरी आणू लागली आणि आई दर वर्षी ती गादीत भरू लागली. अंथरूण उंच होत गेलं, आणखी मऊ होत गेलं. सुजितची हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं. आई ते गादीमुळे झालं असं मानायची. कदाचित झालंही असेल.

हाडांसाठी काय काय खाऊ घालावं हे सांगणारे तर गल्लीगल्लीत होते. नाचणीचं सत्त्व, शेवग्याची पानं, अंड्याचं कवच कुटून लिंबात. दर रविवारी अण्णा नाशिकरोडहून बकऱ्याचे पाय आणायचे. आई ते चुलीवर भाजून, खरवडून, पहाटेपासून उकळत ठेवायची. जळक्या केसांचा वास, मग मिऱ्यांचा, मग तुपासारखा दाट चिकट वास साऱ्या घरात भरायचा. सुजितला ते सूप मुळीच आवडायचं नाही. नाक मुरडून, एकेक घोट मोजून तो प्यायचा आणि दर वेळी अण्णांना विचारायचा, "बकऱ्याला दुखलं असेल ना?" अण्णा म्हणायचे, नाही. मोडण्याबद्दल त्याला कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

तो बोलका होता, हे मला मुद्दाम लिहायला हवं. आजारी मुलांबद्दल लोक बोलतात तेव्हा ती मुलं गप्प असल्यासारखं बोलतात. सुजित सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायचा. बाहेर पोरं क्रिकेट खेळायची त्यांचा स्कोअर तो आत पडून नुसत्या आवाजावर ठेवायचा, आणि बाहेर भांडण झालं की खिडकीशी येऊन पोरं त्यालाच निवाडा विचारायची. मी डी.एड. करत होते, तर माझे सगळे पाठ आधी त्याच्यावर व्हायचे. छातीवर पाटी ठेवता येत नसे म्हणून मी ती धरायची आणि तो हात लांब करून लिहायचा. वाचायला तो इतका लवकर शिकला की मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटायला लागला. तो शाळेत जायचं म्हणत होता. कॉलनीतली सगळी पोरं जायची तिथंच. मुख्याध्यापक घरी येऊन गेले. भले गृहस्थ होते. म्हणाले, बसता येत असेल तर आणा, मी त्याला पहिल्या बाकावर भिंतीशी बसवीन.

बसता मात्र येत नव्हतं. आधी यायचं, टेकून, थोडा वेळ. मग कमी होत गेलं. आंघोळ घालताना आईच्या लक्षात आलं की त्याची पाठ एका बाजूला झुकते आहे. मणक्यांची ओळ सरळ खाली न येता मध्येच वळण घेत होती. काही दिवस तिनं कुणाला सांगितलं नाही. मग आम्ही चौघं रिक्षानं नाशिकला गेलो, त्याला अंथरुणासकट माझ्या आणि आईच्या मांडीवर आडवं घेऊन, अण्णा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अंग चोरून.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. कणा वाकतोय म्हणाले. मग विचारलं, झोपायला काय देता? आईनं सांगितलं. तिच्या स्वरात थोडी हौस होती, कारण या प्रश्नाचं उत्तर तिला पुरेपूर येत होतं. कापूस, त्यावर सावरी, त्यावर गोधडी, त्यावर मलमल. डॉक्टर ऐकत होते. म्हणाले, "इतकं मऊ नको. पाठीला खालून आधार पाहिजे. कडक सपाट काहीतरी द्या." अण्णा लगेच उठून रिक्षा थांबवायला बाहेर गेले. ते गेल्यावर डॉक्टर आईकडे बघून म्हणाले की गादीनं झालंय असं मनात आणू नका, या आजारात कणा वाकतोच, कडक अंथरुणानंही तो थांबेल अशी खात्री नाही. हे आईनं ऐकलं आणि मी ऐकलं.

घरी आल्यावर आम्ही सुजितला खाटेवर ठेवलं. आई मलमल सारखी करत होती. अण्णा अजून बूट घालूनच उभे होते. ते मोठ्यानं बोलले नाहीत, मोठ्यानं बोलायची त्यांची पद्धतच नव्हती.

"मऊ मऊ करून तूच वाकवलंस त्याला," ते म्हणाले.

आईचा हात मलमलवरच राहिला. सुजित जागा होता. तो म्हणाला, "अण्णा, मला मऊ आवडतं." अण्णा बाहेर निघून गेले.

मी स्वयंपाकघरात आईला म्हटलं, डॉक्टर नंतर काय म्हणाले ते त्यांना सांग ना, नाहीतर मी सांगते. आईनं कणकेचा डबा काढला, पीठ परातीत घेतलं. "राहू दे," ती म्हणाली. "त्यांना कुणावर तरी राग धरायचाय. आजारावर कसा धरतील?" एवढं बोलून ती पीठ मळायला लागली. मी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होते, मला तिचा राग आला. तिनं भांडावं असं मला वाटत होतं. आता, स्वतःचा संसार करून झाल्यावर, तिनं त्या दिवशी अण्णांना काय दिलं ते मला थोडंफार कळतं. पण आजही तिच्या जागी मी असते तर ते दिलं नसतं.

अण्णांनी प्लायवूडचा जाड तुकडा आणला. तीन सुट्ट्या त्यांनी त्यावर घालवल्या. अंगणात बसून कडा घासायचे, कोपरे गोल करायचे, पुन्हा पुन्हा काचकागद मारायचे. मग तळवा फिरवून बघायचे, पण बॉयलरच्या कामानं त्यांचे तळवे असे घट्ट झाले होते की त्यांना लाकडाचं बारीक कुसळ लागायचं नाही, म्हणून ते मला बोलावून हात फिरवायला सांगायचे. त्या फळीवर त्यांनी घोंगडीची एकच घडी घातली. इतकं नीट काम मी त्यांच्या हातून दुसरं पाहिलं नाही. सावरीची गादी आईनं गुंडाळून, जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकली, आणि त्या दिवसापासून ती स्वतःही खाटेजवळ नुसत्या चटईवर झोपायला लागली. अण्णा एकदा म्हणाले, सतरंजी तरी घे. तिनं न ऐकल्यासारखं केलं.

सुजितला फळी सोसत नव्हती. हे पहिल्या दिवशीच दिसलं. त्याच्या अंगावर मांस नव्हतं, हाडाखाली लगेच फळी. टाचा, कोपरं, खांद्याची पाती लाल व्हायची. थंडी सुरू झाली होती आणि त्या वर्षी नाशिकची थंडी जास्तच होती. घोंगडीची दुसरी घडी घालू का, असं मी विचारलं तर अण्णा म्हणाले, मग उपयोग काय? आई गप्प राहायची. तिच्याकडे या विषयावर बोलायला आता तोंड नव्हतं, निदान तिला तसं वाटायचं. सुजितनं मात्र हट्ट केला नाही, कारण अण्णांनी त्याला सांगितलं होतं की पाठ सरळ झाली की शाळा. त्याच्यासाठी शाळेचा पांढरा शर्ट आणि खाकी चड्डी शिवून आणली होती, बटणांऐवजी नाड्या लावून. ती खुंटीवर त्याला दिसेल अशी टांगली होती.

दर सुट्टीच्या दिवशी सकाळी अण्णा खाटेवर बसायचे. आई आणि मी सुजितला कुशीवर करायचो आणि अण्णा एका बोटानं त्याच्या मणक्यांवरून मानेपासून खाली यायचे, फार हळू, जणू बोटाचंही वजन पडू नये.

"किती राहिली सरळ व्हायची?" सुजित विचारायचा.

"थोडी राहिली," अण्णा म्हणायचे.

थोडी राहिली नव्हती, पाठ आणखी वाकत होती. माझ्या डोळ्यांना दिसत होती, म्हणजे अण्णांच्या बोटाला लागतच असणार. छातीचा पिंजरा एका अंगाला दबत चालला होता, आणि बोलताना त्याला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागायचा. क्रिकेटच्या पोरांना तो आता खुणेनं सांगायचा, हात वर केला की आउट. संक्रांतीला मावशी तिळगूळ घेऊन आली. तिनं खाटेवरची फळी बघितली, त्याच्या लाल झालेल्या टाचा बघितल्या. परत जाताना दाराशी ती आईला म्हणाली, "तुमचं तुम्हाला ठाव. पण पोराला आराम नाय गं." आई तिला बसथांब्यापर्यंत सोडायलाही गेली नाही.

थंडी सरता सरता त्याला खोकला झाला. साधाच वाटला. मग ताप, मग श्वासाबरोबर छातीतून घरघर. खोकताना एक बरगडी मोडली. दुसऱ्याही मोडल्या असतील, आम्ही मोजायचं सोडून दिलं. नाशिकला नेऊन आठवडाभर ठेवलं. डॉक्टरांनी सगळं केलं. शेवटी त्यांनी आम्हा तिघांना खोलीबाहेर घेतलं आणि म्हणाले की घरी न्या. छातीत फुप्फुसाला जागाच राहिलेली नाही. अण्णांनी विचारलं, अंथरूण तसंच कडक ठेवायचं ना?

"आता त्याला बरं वाटेल तसं ठेवा," डॉक्टर म्हणाले.

आई भिंतीला टेकली. अण्णा मान हलवत राहिले, समजलं समजलं अशी, फार वेळ.

घरी आल्यावर मी माळ्यावरचं गाठोडं काढलं. चादर सोडली तर आत उंदरांनी घर केलेलं. गादी ठिकठिकाणी कुरतडलेली, सावरीत लेंड्या, कुबट वास. आईनं ते एकदा बघितलं आणि पुन्हा बांधून ठेवायला सांगितलं. अण्णा कपडे न बदलता उभे होते. मला म्हणाले, "चल."

आम्ही दोघं नाशिकरोडला गेलो. भर दुपार होती, बाजारात गर्दी नव्हती. गाद्यांच्या दुकानात मालक एकटाच, पेपर वाचत बसलेला. त्यानं एकावर एक रचलेल्या गाद्या दाखवायला सुरुवात केली. अण्णा प्रत्येकीवर तळवा दाबायचे आणि माझ्याकडे वळायचे. "तू बघ," ते म्हणाले. "माझ्या हाताला कळत नाही." मी बघत होते. ही कडक, ही खाली मऊ पण वर टोचते, हिच्या शिवणी जाड. आजकाल गाद्यांच्या दुकानात गेलं की पाठीसाठी कोणती चांगली हे विक्रेते चित्रं काढून समजावतात, आणि मी ऐकता ऐकता बाहेर येते. त्या दुपारी मी पहिल्यांदा आणि शेवटचं असं एखाद्या गोष्टीचा नुसता मऊपणा बघत होते, दुसरं काहीच नाही.

दुकानदारानं विचारलं, कुणासाठी पाहिजे? अण्णा म्हणाले, मुलासाठी. तो म्हणाला मग थोडी दणकट घ्या साहेब, पोरं उड्या मारतात, ही मऊवाली दोन वर्षांत बसते, टिकत नाही.

"टिकायला नको," अण्णा म्हणाले. "मऊ पाहिजे."

दुकानदार अण्णांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आत जाऊन त्यानं सावरीची एक लहान गादी आणली, कुणातरी बाळंतिणीच्या घरून सांगितलेली होती, ती आम्हाला दिली. त्यांना दुसरी करून देईन म्हणाला. रिक्षात ठेवायलाही तोच आला.

रिक्षात गादी आम्हा दोघांच्या मध्ये होती. एकलहऱ्याच्या फाट्यावर रिक्षा वळली तेव्हा मी अण्णांना म्हटलं, त्या दिवशी तुम्ही बाहेर गेल्यावर डॉक्टर आईला म्हणाले होते की गादीमुळे काही झालेलं नाही. अण्णा बाहेर थर्मलच्या चिमण्यांकडे बघत होते.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी नंतर जाऊन विचारलं होतं."

रिक्षा थांबल्यावर गादी त्यांनी एकट्यानंच उचलली.

आईनं गादी दारातच हातात घेतली. दाबून बघितली, एका कोपऱ्यात शिवण जाड होती ती बाजू पायांकडे घेतली. आल्यापासून सुजित खाली चटईवर चादरीत होता. अण्णांनी खाटेवरची फळी काढून भिंतीशी उभी केली. वर गोधडी घातली, मलमल घातली. सुजितला उचलायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं पायांकडे गेले, तर अण्णा आधीच तिथं उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी चादरीची टोकं कधी धरली नव्हती. आपल्या हातून मोडेल या भीतीनं ते कायम दोन पावलं मागं असायचे. त्यांनी आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. दोघांनी त्याला उचललं आणि नव्या अंथरुणावर ठेवलं.

तो खाली रुतला, अगदी सावकाश. त्यानं डोळे मिटून घेतले. कपाळावरची आठी सैल झाली, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. आम्हाला वाटलं झोप लागली. मग त्यानं डोळे उघडले. श्वास जमवायला त्याला वेळ लागत होता, आम्ही थांबलो.

"अण्णा," तो म्हणाला, "झाली का सरळ?"

त्याला वाटलं होतं की पाठ सरळ झाली म्हणूनच फळी काढली. दुसरं काय वाटणार? त्याला तसंच सांगितलं होतं.

अण्णा खाटेच्या कडेला बसले. हात चादरीखाली सारून त्यांनी मानेपासून बोट फिरवल्यासारखं केलं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"झाली," ते म्हणाले.

सुजितनं आईकडे बघितलं. अण्णांचं तो ऐकायचा, पण विश्वास आईवर. सुई टोचणार असेल तर आई त्याला टोचणार म्हणून सांगायची. तिनं त्याला तोपर्यंत एकदाही खोटं सांगितलेलं नव्हतं. ती अण्णांच्या शेजारी येऊन बसली. फळी आली तेव्हापासून ती दोघं इतक्या जवळ बसली नव्हती.

"अगदी सरळ," आई म्हणाली.

तो त्या गादीवर चार-पाच दिवस होता. शेवटी शेवटी बोलत नव्हता, पण दुखतंय म्हणून कण्हलाही नाही. एका सकाळी, मी त्याला दूध भरवायला बसले तेव्हा, तो नव्हता. बाहेर पोरं शाळेला निघाली होती. अण्णांनी त्याला नाड्यांचा शर्ट घातला. आईनं तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि वंदना म्हणायला सुरुवात केली, आणि अर्ध्यात वाफेचा आवाज सुरू झाला. ती थांबली. आवाज संपल्यावर तिनं उरलेली वंदना पुरी केली. नातेवाईक म्हणाले, गादी देऊन टाका कुणाला. अण्णांनी ती त्याच्याबरोबरच नेली. मावशीनं वाटेत एकदा मलमल सारखी केली.

अण्णा आणि आई त्यानंतर कितीतरी वर्षं एकत्र जगले. अण्णा निवृत्त झाले, आम्ही थर्मल सोडलं, नाशिकमध्ये घर घेतलं, माझं लग्न झालं. आई त्या घरातही चटईवरच झोपत राहिली, आणि निवृत्तीनंतर कधीतरी अण्णांनीही आपली खाट काढून टाकली आणि तिच्या शेजारी खाली झोपायला लागले. सुजितच्या पाठीबद्दल ती दोघं माझ्यादेखत पुन्हा एकदाही बोलली नाहीत. अण्णा गेले त्यालाही आता बरेच दिवस झाले.

आई आता माझ्याकडे असते. तिला ऐकायला कमी येतं, पण माणसं आवडतात. नवीन शेजारीण आली की ती तिला बसवून घेते, चहा करायला लावते, आणि बोलता बोलता भिंतीवरच्या फोटोचा विषय निघतो. माझा मुलगा, आई सांगते. हाडं नाजूक होती त्याची. हुशार फार. शेजारीण अरेरे म्हणते. आई थोडा वेळ पदराचा काठ सारखा करत बसते.

"पण जायच्या आधी पाठ अगदी सरळ झाली होती त्याची," ती म्हणते.

शेजारीण माझ्याकडे बघते.

"हो," मी म्हणते. "झाली होती."